सावलीत वाळवलेला पाला

पेडगाव, ता. जि. परभणी
८ मार्च २०२५

चि. सौ. दैवशाला हीस दादाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन कर की, असं तुझी वहिनी रोज म्हणते. पण फोनवर माणूस हो हो म्हणतं आणि निम्मं विसरतं. कागद भिंतीला टाचून ठेवता येतो.

होळी आली. दरसाल होळीची राख निवली की मी पाने-पकड घेऊन सेलूला येतो, तुझा कूलर उघडून साफ करतो आणि तू मला पुरणपोळी वाढतेस. यंदाही तसंच. मी येईपर्यंत कूलरचं बटन दाबू नकोस. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा थर बसून पंप जाम झालेला असतो. आधी बोर्डातली पिन काढून त्याची दांडी हातानं फिरवून मोकळी करावी लागते, नाही तर मोटर जळते. आणि नवीन गवत तिन्ही बाजूंना घ्यायचं नसतं. ज्या जाळीवर ऊन येतं तिचंच सडतं. बाकीचं झटकून, धुऊन, वाळवून पुन्हा चालतं. दुकानदार हे सांगत नाही.

एक विचारायचं होतं. तुझ्या पानभर पत्रात सिताराम इवायांचं नाव पाच वेळा आहे आणि माझं एकदा, तेही पाकिटावर. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून ठेवायचं म्हणे इवायांनी सांगितलं. तुझी लेक रुपाली त्यांची सून आहे, त्यांना मान द्यावा, मान्य. पण डाळीला तेल लावायचं शिकायला आपल्याला देवगाव फाट्याला जायची गरज कधीपासून पडली? ते येस्टीत कंडक्टर होते. जन्मभर तिकिटं फाडली, डाळ नाही निवडली.

भावजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
रामकिशन


सेलू
१७ मार्च २०२५

ती. स्व. दादास दैवशालाचा डोकं टेकवून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून आमी दोघंबी लय हसलो. कंडक्टरचं वाक्य ह्यांनी दोनदा वाचायला लावलं.

पण दादा, आता रागावू नको. कूलर बसला. होळीच्या आधीच इवाई आले, संगं रुपालीबी आली. त्यांनी पिन काढली, पंपाची दांडी फिरवली, उन्हाच्या जाळीचं गवत तेवढं नवीन घातलं. समोरची खिडकी उघडी ठेवा, न्हाई तर घर नुसतं दमट होतंय, असंबी सांगून गेले. जुना माठ मी टाकायलाच काढला होता. त्यांनी तो मीठ घालून नारळाच्या शेंडीनं घासायला लावला, साबण लावू दिला न्हाई, मग उन्हात पालथा घातला. आता पाणी असं गार लागतंय की बस. नवीन माठ घ्यायचं राहिलं.

तवा तू काम करायला येऊ नको, नुसता जेवायला ये. तुझी कंबर दुखायलीय असं वहिनीनं सांगितलंय. पोळ्या कवाबी करते.

इवाई फाट्यावर बचत गटाच्या बायांना घरखर्चात कशी बचत करायची ते सांगायला लागलेत. आखितीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात मोठी बैठक हाय. आपल्यालाबी बोलावणं हाय.

वहिनीला सांग, लेकराबाळांसारखी तिचीबी आठवण येते. आठवण ठेवत जा.

तुझी,
दैवशाला


पेडगाव
२३ मार्च २०२५

चि. सौ. दैवशाला हीस आशीर्वाद, थोडे कमी. वि. वि.

जेवायला ये म्हणतेस. जेवायला पाहुणा येतो. मी तुझ्या घरी पाहुणा म्हणून कधी आलो होतो ते सांग.

तुझं पत्र मी पेन्सिल घेऊन वाचलं. दांडी फिरवणं माझं. उन्हाची जाळी माझी. खिडकी माझी. मीठ आणि शेंडी तर माझीच, कारण साबणानं माठाची भोकं बुजतात हे मी स्वतःचा एक माठ वाया घालवून शिकलोय. मी सातवी शिकलेला माणूस. मला कुणी बसवून सांगितलं नाही. एकेक वस्तू खोलून, बिघडवून, पुन्हा जोडून जे मिळालं ते मी फक्त तुझ्या घरात दिलं. ते आता कंडक्टरच्या आवाजात फाट्यावर वाटलं जातंय आणि तू त्यावर ‘गार लागतंय की बस’ म्हणतेस!

तुझी वहिनी म्हणते इवायांमुळं माझा जळफळाट झालाय. झालाय. लपवत नाही. माझ्या बहिणीच्या घरातला कूलर दुसऱ्यानं उघडला, तर जळफळाट नाही होणार तर काय गारवा वाटणार?

बैठकीला मी येणार. पुढच्या सतरंजीवर बसणार आणि चार बायकांत अदबीनं विचारणार, की इवाई, हे सगळं आपण कुणाकडून शिकलात?

राग धरू नकोस, मी धरला तेवढा पुरे.

रामकिशन


सेलू
२ एप्रिल २०२५

ती. स्व. दादास नमस्कार. वि. वि.

तू फाट्यावर तसं काई विचारू नको. का ते सांगते. हे पत्र भिंतीला टाचू नको.

रुपाली नवीन नवरी होती तवा कमलबाई इहीण तिला रोज बोलायच्या. सिलिंडर लवकर संपायलंय, माहेरून काय शिकून आली, पोरीला आच कळत न्हाई. पोरीनं मला न्हाई सांगितलं, रडून मोकळी झाली आन् तुझ्यावानी करायला लागली. बर्नर सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून भोकं टाचणीनं मोकळी केली, डाळ आधी भिजू घातली, भांड्यावर झाकण ठेवलं, उकळी आली की आच बारीक. सिलिंडर पुरायला लागला. इवायांनी इचारलं तवा तिनं मामाचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात इवाई तेच सांगत होते, आपलं म्हणून. पोरगी गप बसली. मग तीच एकेक गोष्ट त्यांना सांगत गेली आन् ते बाहेर सांगत गेले. रिटायर झाल्यापासून त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, आता अख्खा फाटा ऐकतोय. घरात सून लाडकी झाली. इहीणबाईंचं तोंड बंद.

तू उठून इचारशील, इवायांची मान खाली जाईल, तुझं पोट थंड होईल. तू दुपारच्या गाडीनं पेडगावला जाशील. पोरीला त्याच चुलीपुढं राहायचंय.

मला ठाऊक न्हाई व्हय ते कुणाचं हाय? पण इवाई दारात पाना घेऊन उभे राहिले, तर त्यांना कसं न्हाई म्हणू? बैठकीला ये. नुसतं ऐक. माझ्यासाठी न्हाई तर पोरीसाठी.

जीव लावतोस तसा लावत राहा.

दैवशाला


पेडगाव
३ मे २०२५

चि. सौ. दैवशाला हीस पूर्ण आशीर्वाद. वि. वि.

गर्दीत तू बायकांच्या मागं होतीस, तुला सगळं दिसलं, ऐकू आलं नसेल. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

मी गप बसलो होतो. खिडकी ऐकली, माठ ऐकला. कूलरची मोटर सांगताना इवायांनी पंपाला पंखा म्हटलं, तेही गिळलं. दात आवळून जबडा दुखायला लागला. एका बाईनं तर मला विचारलं, की इवायांचं ऐकून मीही काही शिकलो की नाही. मी मान हलवली.

मग ते वर्षाच्या धान्यावर आले. ज्वारीच्या कोठीत कडुलिंबाचा पाला घाला म्हणाले, सोंड्या किडा लागत नाही. इथवर बरोबर. पुढं म्हणाले, की पाला हिरवागार, ताजा तोडलेला असावा, त्यात कस जास्त.

दैवशाला, ओल्या पाल्यानं कोठीला घाम फुटतो. दाणे बुरसतात. समोर अंगणभर बायका होत्या, सगळ्यांची ज्वारी याच महिन्यात कोठीत जाणार. इवायांच्या स्वतःच्या ज्वारीची पोती ओसरीवर होती. ती बुरसली असती तर बोल कुणावर आला असता? जिनं मामाचं नाव सांगितलं होतं तिच्यावर.

तू माझ्याकडं बघून मान हलवत होतीस ते दिसलं. तरी उठलो. मला त्यांची चूक काढायची होती. खोटं कशाला बोलू, शब्द अगदी ओठावर होते. पण दारात रुपाली चहाची ताटली घेऊन उभी होती, आणि तिचा चेहरा तिकिटाला पैसे नसलेल्या माणसासारखा झाला होता.

मग मी म्हणालो, इवाई, लग्नात तुम्हीच मला सांगितलं होतं, की पाला सावलीत वाळवायचा, हातात चुरला की चुरचुर वाजला पाहिजे, आणि ज्वारीलाही ऊन देऊन ती निवल्यावरच भरायची. त्या दिवसापासून मी तसंच करतो. आज घाईत तेवढं सांगायचं राहिलं वाटतं.

इवायांनी माझ्याकडं बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, की हो, तेच आता सांगणार होतो, पाहुण्यांनी चांगलं ध्यानात ठेवलंय. बायका हसल्या. आता अख्ख्या फाट्यावर मी सिताराम इवायांचा चेला आहे. गाडीत बसेपर्यंत दोघांनी मला तसं बोलून दाखवलं.

निघताना रुपाली पाया पडली. पडता पडता हळूच म्हणाली, मामा, पाला मी आठ दिवसांपूर्वीच बाजेखाली वाळत घातलाय. मामंजी काहीही सांगू द्यात, कोठी मीच भरणार होते. तुमी उगीच उठलात.

म्हणजे तिची ज्वारी वाचवायला माझी गरजच नव्हती. बाकीच्या बायांची वाचली, तेवढं खरं. घरी येईपर्यंत मी एकटाच हसत होतो. शेजारच्या सीटवरच्या माणसानं जागा बदलली.

इवायांवरचा माझा राग गेला असं समजू नकोस. पंपाला पंखा म्हणणाऱ्या माणसावरचा राग जात नसतो. पण पोरगी बाजेखाली पाला वाळवते, हे त्यांना अजून ठाऊक नाही आणि मला आहे.

भावजींना नमस्कार. आम्हा उभयतांना मनातून काढू नकोस.

तुझा दादा,
रामकिशन