फुमिकोबाईंचं सोपं गाणं

पुणतांबा, दि. ४ सप्टेंबर २०२५

ती. पुष्पावन्संना सरोजिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही जपानात नागोयाला सुखरूप पोचलात, तुमच्या केदारच्या बाळाने तुम्हाला पाहून भोकाड पसरलं आणि तुम्ही लगेच त्याला जिंकलंत, हे सगळं कळलं. फोन का करत नाही म्हणून रागावू नका. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बोलणं कमी ठेवायला सांगितलंय, आणि मोबाईलवर टाईप करताना माझी बोटं भलतीकडेच पडतात. म्हणून आपलं जुनं पत्रच बरं.

जखम भरली. आवाज मात्र परत आला तो कुणा दुसऱ्याचाच. जाड झालाय, वर जात नाही. श्रावणात भजनी मंडळात गेले होते. तुमच्या भावाने नेहमीप्रमाणे पेटीवर काळी पाच धरली. दुसऱ्याच कडव्याला माझा आवाज चिरकला आणि बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हे मात्र खाली बघून वाजवत राहिले. वन्सं, लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्यासाठी एक पट्टी खाली यायला काय हरकत होती? तेव्हापासून म्हणणं मंडळातल्या सविताकडे दिलंय. मुलगी गुणी आहे, आवाज स्वच्छ. मी आता टाळसुद्धा धरणार नाही असं ठरवलंय. हे दुपारी पारावर पत्ते खेळायला जातात आणि मी घरात भाजी निवडत बसते. घर इतकं गप्प कधीच नव्हतं.

बाळाला गोड पापा. तुमचा लोभ तिकडे गेल्यावर आटू देऊ नका.

तुमची,
सरोजिनी

*

नागोया, दि. १५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सरूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. टाळ न धरण्याची प्रतिज्ञा तू कुणाला विचारून केलीस? तुझं गाणं ऐकून मी माझ्या भावासाठी तुला पसंत केली होती. त्या गाण्यावर माझाही थोडा हक्क आहे.

आता इथली गंमत ऐक. केदारच्या इमारतीजवळ वस्तीचा एक हॉल आहे. दर बुधवारी दुपारी तिथे आठ-नऊ बायका जमतात, सगळ्या आपल्याच वयाच्या, आणि कराओके गातात. म्हणजे यंत्रातून नुसतं संगीत येतं, पडद्यावर शब्द सरकतात आणि गायचं आपण. केदारच्या शेजारच्या फुमिकोबाई मला हाताला धरून घेऊन गेल्या. चौसष्ट वर्षांच्या आहेत. सकाळी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मासे तळतात, दुपारी न्हाऊन, पावडर लावून गायला हजर. मी तर त्यांच्या प्रेमातच पडले आहे.

त्या यंत्रावर सूर खाली आणायचं बटण असतं. प्रत्येक बाई उभी राहिली की पहिल्यांदा ते दाबते, कुणी दोनदा, कुणी चारदा, आणि त्यात कुणाला काहीच वाटत नाही. आपण चष्म्याचा नंबर बदलतो तसंच. गाणीही ठरवून सोपी निवडतात. फुमिकोबाईंचं म्हणणं (केदारने समजावून सांगितलं) असं की, या वयातलं गाणं फार उंच जाऊ नये, शब्द थोडे असावेत आणि ओळ संपली की घोटभर श्वासाला जागा असावी. गाणं संपल्यावर यंत्र शंभरपैकी गुण दाखवतं. तेव्हा फुमिकोबाई उठून पडद्यावर आपला रुमाल धरतात. गुण कुणालाच दिसू देत नाहीत!

तुझ्याबद्दल मी त्यांना सांगितलं. त्यांनी जरा विचार करून तुझ्यासाठी एक गाणं निवडलं. छोट्या स्टेशनावर एक आई रुमालात डबा बांधून मुलीच्या गाडीची वाट बघते आणि शेवटी मुलगी उतरते, एवढंच त्यात आहे. संगीत केदार सविताच्या मोबाईलवर पाठवतोय. शब्द मी देवनागरीत लिहून सोबत जोडलेत, खाली अर्थही आहे. निदान भाजी निवडताना तरी गुणगुण. गळ्याला त्रास झाला तर मात्र लगेच थांब.

घरात सर्वांवर माझी माया आहे, ती मोजून वाटून घ्या.

तुझी,
पुष्पावन्सं

*

पुणतांबा, दि. १ ऑक्टोबर २०२५

ती. पुष्पावन्संना शि. सा. न. वि. वि.

तुमच्या फुमिकोबाईंना माझा नमस्कार सांगा. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हळू गायला परवानगी दिली. चार दिवस मी एकटीच स्वयंपाकघरात दार लावून म्हटलं. खरंच सोपं आहे हो. माझ्या या नव्या जाड आवाजात ते अगदी मावलं.

पण सविताने मंडळात सांगितलं आणि शनिवारी सगळ्या घरी येऊन बसल्या. हे पत्त्यांना गेले होते. केशरबाई म्हणाली, आमाला बी शिकवा, परदेसातलं न्हाई तर कवा शिकनार? मी संगीत लावलं आणि पहिली ओळ म्हटली. झालं! ती सगळ्यांनी मिळून मागे म्हटली, भजनात म्हणतात तशी, रंगुबाईच्या टाळासकट. मी दुसरी ओळ उचलली तोवर संगीत तिसरीवर गेलेलं. त्यांना किती सांगितलं की हे यंत्र थांबत नाही, मागे म्हणायचं नाही. पण बाईने ओळ टाकली की ती झेलायची, ही सवय जन्माची. मोबाईलमधलं गाणं संपून बंद पडलं आणि आमची आई अजून अर्ध्या फलाटावरच. आम्ही हसून हसून बेजार झालो. रंगुबाईला तर ठसका लागला.

मग मोबाईल ठेवून दिला आणि तसंच शेवटपर्यंत म्हटलं. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या मागे म्हणत होत्या तेवढ्या वेळात माझ्या गळ्याला विसावा मिळत होता. शेवटच्या ओळीपर्यंत आवाज एकदाही चिरकला नाही. इतकी वर्षं पुढे म्हटलं, पण मागच्या बायका आपल्याला उचलून धरतात हे मला कधी जाणवलंच नव्हतं. त्यांचं किती कौतुक करू?

केशरबाईच्या अंगणात तुळशीचं लग्न आहे. तिथे हे गाणं मीच म्हणायचं असा त्यांचा हट्ट आहे. एवढं एक म्हणेन. अभंग मात्र सविताच म्हणेल, तिथे माझी पुन्हा फजिती नको. पेटीशिवाय म्हणेन, यांना सांगणारसुद्धा नाही. त्यांना पत्त्यांतून वेळ कुठे आहे?

आठवण काढत असाल तर उचक्या लागतातच आहेत, तशाच लागू द्या.

तुमची,
सरोजिनी

*

पुणतांबा, दि. ३ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस रविकांतचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सरूला न दाखवता टाकतो आहे. तिने तुझ्याकडे माझी तक्रार केली असणार. तक्रार खरी आहे. पण ताई, माझा हात एकाच पट्टीत बसलेला. मी काही शिकलेला पेटीवाला नाही, काळी पाच सोडली की माझी बोटं आंधळी होतात. श्रावणात तिचा आवाज चिरकला तेव्हा मला खाली यायचं होतं, पण येताच आलं नाही. मान वर करून तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

पत्ते वगैरे काही नाही. देवळात मंडळाची जुनी पेटी आहे. रोज दुपारी तिथे तिच्यासाठी खालच्या पट्टीत, पांढरी चारवर, हात बसवतो आहे. तुझं जपानी गाणंही सविताकडून मागून घेतलं. ते सोपं आहे म्हणून बोटं त्याच्यावरच वळवली. आता मंडळाचा पहिला अभंगही त्याच पट्टीत येऊ लागला आहे. पुजारी म्हणतात, इतकी चुकणारी पेटी देवाने पहिल्यांदाच ऐकली असेल.

तिला काही बोलू नकोस. जमलं नाही तर तिची आशा फुकट जाईल.

धाकट्यावर लोभ ठेव, कान पुढच्या भेटीत पिळ.

तुझा,
रविकांत

*

नागोया, दि. १६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. सरूस अनेक आशीर्वाद.

तुमच्या मागे म्हणण्याची हकिगत केदारने हॉलमध्ये सर्वांना सांगितली. बायका ओंजळीत तोंड लपवून हसल्या. फुमिकोबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, म्हणजे तिकडे कुणी एकटी गातच नाही का? मी नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी एकदा यंत्राकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या की आमचं यंत्र चांगलं आहे, पण ते उत्तर देत नाही. पुढच्या बुधवारी यंत्र बंद ठेवून तुमच्यासारखं म्हणून बघायचं ठरलंय.

तुळशीच्या लग्नात तू जरूर म्हण. आणि माझ्या भावाला पेटी घेऊन बसू दे. उगीच कारण विचारू नकोस, थोरली नणंद सांगते म्हणून ऐक. पत्ते खेळणारी माणसंसुद्धा कधी कधी कामाची असतात.

माझ्या वाटणीचा ऊस तुळशीपुढे ठेव आणि मला विसरू नकोस.

तुझी,
पुष्पावन्सं

*

पुणतांबा, दि. ५ नोव्हेंबर २०२५

ती. पुष्पावन्संना शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला सगळं ठाऊक होतं ना?

परवा केशरबाईच्या अंगणात उसाचा मांडव घातला होता, बोरं-आवळे ठेवले होते. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, मग बायका बसल्या. तुमचा शब्द म्हणून यांना पेटीवर बसू दिलं, पण आतून मी धास्तावलेच होते. मी गाणं सुरू केलं आणि पेटी अलगद माझ्या सुराखाली आली. वन्सं, हे ते गाणं वाजवत होते, अगदी माझ्या पट्टीत. बायका मागे म्हणत होत्या. फलाटावर गाडी आली, मुलगी उतरली, गाणं संपलं.

पण पेटी थांबली नाही. तिथूनच यांनी आपल्या पहिल्या अभंगाचा सूर धरला, आणि सविताने माझ्याकडे नुसतं बघून टाळ उचलला. मी म्हणू लागले. दुसऱ्या चरणावर लक्षात आलं की आपण हा सोडून दिलेला अभंग म्हणतोय. तिसऱ्या कडव्याची मला नेहमीच भीती. तिथे आवाज जाड लागला, पण तुटला नाही. केशरबाईने शेजारणीला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, सूर खाली गेला म्हून काय झालं, आमच्या पातूर पोचला की. मला रडू आलं, पण बायका मागे म्हणत होत्या तेवढ्यात डोळे पुसून घेतले.

यांचं मधलं बोट दोनदा चुकलं. एवढी सुंदर पेटी मी आयुष्यात ऐकली नव्हती.

घरी आल्यावर विचारलं, रोज दुपारी इतके पत्ते खेळलात, किती डाव जिंकलात? हे पेटीवर फडकं घालत होते. मान वर केली, माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाले, एकच.

फुमिकोबाईंना आमच्या तुळशीचा प्रसाद घेऊन जायला तुम्ही पुन्हा जालच. पण आधी लवकर परत या, मागे म्हणायला एक आवाज कमी पडतोय.

तुमचीच,
सरोजिनी