होडीचं तोंड किनाऱ्याकडे

३ ऑगस्ट

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र नाही, म्हणजे तू बरा आहेस असं धरून चालते. वहिनीचा खोकला थांबला का? आम्ही दोघी ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जिना उतरायचं ती सोडत नाही.

फोन न करता लिहिते आहे. फोनवर तू ‘हं’ म्हणतोस, आणि त्या ‘हं’च्या पुढे मला काही सुचत नाही.

कलाभवनाचा नवा हंगाम ठरला. ऑक्टोबरात चेलोच्या मैफलीने सुरुवात, मग गायकवृंद, दोन नृत्याचे कार्यक्रम, मुलांसाठी कळसूत्री बाहुल्या, आणि डिसेंबरात नाटकं. पुस्तिकेचं काम यंदा माझ्याकडे आहे. तिकीटखिडकीवरून मला वरच्या मजल्यावर बसवलंय, त्यामुळे निदान पाय गार पडत नाहीत.

संचालकबाईंच्या मनात आलं, की एका नाटकाचा एक प्रयोग खुणांसह करायचा. रंगमंचाच्या कडेला दोन माणसं उभी राहणार. एक नाटकातल्या बायकोचं बोलणं हातांनी सांगणार, दुसरं नवऱ्याचं. बैठकीत हिशेबनीस म्हणाले, “बहिऱ्यांना नाटकाची तिकिटं विकायची? उद्या आंधळ्यांना चित्रं विकाल.”

“विकू की,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आकड्यांकडे बघा. माणसांकडे ही बघेल.” आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

नाटक कुठलं ते ऐक. नदीकाठच्या खानावळीचं. बाबांनी ज्याचा पडदा रंगवला होता तेच. आपण चौघं विंगेत स्टुलांवर बसायचो. आई-बाबांना ऐकू येत नव्हतं आणि आपल्याला अर्धंच कळत होतं, म्हणून बाबाच आईला गोष्ट सांगायचे. नटांच्या चेहऱ्यांवरून अंदाजाने, आणि बरीचशी पदरची घालून. शेवटी नवरा होडीत बसून कायमचा निघून जातो. बाबांनी आईला सांगितलं, मीठ आणायला गेलाय. आई कित्येक वर्षं ते विनोदी नाटक समजत होती. आपल्या घरात कुणाला यायला उशीर झाला की तो मीठ आणायला गेलेला असायचा. तुझ्याबद्दल कुणी विचारलं तर आई अजून तेच सांगते.

बायकोचं बोलणं मी सांगणार आहे. नवऱ्याचं कुणी सांगायचं, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, विचारून सांगते.

तर विचारते आहे.

तुझी,
दोन वेण्या

(केस कापून जमाना झाला, पण आईच्या हातांत माझं नाव अजून तेच आहे, कानांपासून खाली ओढलेल्या दोन मुठी. ती नावं बदलत नाही. तुझंही तेच आहे, हनुवटीवरच्या व्रणावर ठेवलेलं बोट.)


२९ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. रजा नाही, आणि हात विसरलेत.

रजेचं तू जाण. हात विसरलेत हे मी मानत नाही. तुझ्या लग्नात हॉलच्या पलीकडून मी तुला ‘बुटाची नाडी सुटली आहे’ अशी खूण केली होती. तू खाली बघितलंस आणि तिथूनच एका हाताने मला गप्प बसवलंस. किती सफाईने! शेजारी उभे असलेले तुझे साहेब दचकले होते.

दुसरा माणूस बघितला. बहिऱ्यांच्या शाळेतले एक गुरुजी आहेत, भला माणूस. हात अगदी स्वच्छ, पाठ्यपुस्तकासारखे. मी त्यांना घरी बोलावलं. त्यांनी आईला नाटकातलं एक अख्खं भांडण करून दाखवलं. आईने आदराने पाहिलं, त्यांना चहा दिला, आणि ते गेल्यावर मला म्हणाली, “हा नवरा भांडत नाहीये. हा पत्ता सांगतोय.”

मग मी एकटीने दोघांचं करून पाहिलं. उजवीकडे वळले की बायको, डावीकडे वळले की नवरा. तेही जमलं नाही. का जमलं नाही, ते मला तुला गेल्याच पत्रात लिहायचं होतं. लिहिता लिहिता मी बाहुल्यांकडे आणि गायकवृंदाकडे वळले.

आईची नजर जाते आहे. मधलं दिसतं, कडेचं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, लांब नळीतून बघावं तसं, आणि नळी अरुंद होत जाणार. मी वळले की माझा एक हात तिच्या नळीच्या बाहेर जातो आणि अर्धं वाक्य नाहीसं होतं. दोन माणसं लागतात, खांद्याला खांदा लावून, जागेवरून न हलणारी. तिच्यासाठी सगळे पहिली रांग पुढे करतात. तिला हवी दहावी. लांबून पाहिलं तर माणूस नळीत पुरा मावतो. हे तिचं तिनेच शोधून काढलंय. रिकाम्या प्रेक्षागृहात मला रंगमंचावर उभं करून ती एकेक रांग मागे सरकत गेली, आणि दहाव्या रांगेत बसून तिने दोन्ही हात वर केले. पूर्ण दिसतेस म्हणाली. वेण्यांसकट.

पुढच्या हंगामाला तिला काय दिसेल, हे डॉक्टर सांगत नाहीत.

आणखी एक. तू दर रविवारी तिला मेसेज पाठवतोस. अक्षरं तिला हल्ली लागत नाहीत. तू लिहिलेलं मी हातांनी तिला सांगते, आणि ती जे सांगते ते टाईप करून तुला पाठवते. तिने तुला हे कळवू दिलं नाही. म्हणे, “उगीच पळत येईल.” मी म्हटलं, “येऊ दे की.” तर म्हणाली, “पळत आलेला माणूस पळतच परत जातो.”

कलाभवनातले सुतारकाका तुझी चौकशी करत होते. आता त्यांना सगळे काम सोडून घरी बसायला सांगतात, पण ते ऐकत नाहीत. बाबांचा जुना पडदा गोदामात असेल असं त्यांना वाटतंय. मी म्हटलं, त्यांनी रंगवलेलं काही टिकलंय हेच खूप. तर म्हणाले, “तुझा बाप बहिरा होता म्हणून पडदे बरे व्हायचे. दिग्दर्शकाची बडबड त्याला ऐकूच जायची नाही.”

उत्तर सावकाश दे. पण दे.

तुझी,
दोन वेण्या


१८ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलेलं नाही. या वेळी ‘बरा आहेस’ असं धरून चालत नाही. तू कार्ड लिहायला बसतोस आणि उठतोस, असं मला दिसतं.

पडदा सापडला. काकांनी आणि दोन माणसांनी तो रंगमंचावर उलगडला. एका बाजूला पाण्याचा डाग पडलाय आणि आकाश पिवळट झालंय. नदी मात्र तशीच आहे. मी आईला घेऊन गेले होते. ती आधी दहाव्या रांगेतून बघत राहिली. मग पुढे आली, वर चढली आणि पडद्याला नाक लावून होडी शोधायला लागली. नळीतून एवढ्या मोठ्या पडद्यावर होडी शोधायची म्हणजे कठीण. मी मदत करायला गेले, तर हात झटकून टाकला. सापडल्यावर तिने तिच्यावर पंजा ठेवला आणि मला म्हणाली, “बघ तोंड कुणीकडे आहे.”

होडीचं तोंड किनाऱ्याकडे आहे, दादा. काका हसायला लागले. “दिग्दर्शकाने केवढं डोकं आपटलं होतं तेव्हा! माणूस जातोय, होडी येतेय! तुझ्या बापाने नुसती मान डोलवली आणि तशीच ठेवली.”

घरी आल्यावर आईने मला समोर बसवलं. म्हणाली, शेवट बाबांचा सांग. नवरा मीठ आणायला गेलाय असं सांग.

मी म्हटलं, “लेखकाने लिहिलंय तेच सांगावं लागतं. मी लोकांना खोटं सांगू?”

“तुझ्या दादाने सांगितलं होतं,” ती म्हणाली. “काय बिघडलं?”

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

आपण यावर कधी बोललो नाही. तू चौदाचा होतास, मी नऊची. मी इस्पितळाच्या त्या बाकावर होते आणि मला ऐकू येत होतं. डॉक्टर तुला म्हणाले, आईला सांग की आता काही करण्यासारखं उरलेलं नाही, तिने जवळच थांबावं. तू आईकडे वळलास आणि हातांनी सांगितलंस, बाबा झोपलेत, उद्या बरं वाटेल, तू घरून त्यांचा स्वेटर घेऊन ये. आई गेली. ती स्वेटर घेऊन आली तेव्हा बाबा नव्हते. त्या दिवसानंतर तू तिच्याशी हातांनी बोलला नाहीस. पुढच्याच वर्षी तू वसतिगृहात गेलास. मला वाटत आलं, की तिला ठाऊक नाही. तुलाही तसंच वाटत असणार.

पुढचं आईचं आहे. जसंच्या तसं सांग, असं तिने मला बजावलंय. म्हणून मी माझं काही घालत नाही.

“त्याचे हात मी नंतर पाहिले. आधी डॉक्टरचं तोंड बघितलं, तिथेच मला कळलं. जन्मभर मी तोंडंच वाचत आले. तुझ्या बाबांशी माझं बोलून झालं होतं. दुपारी, त्यांचे हात माझ्या हातांत घेऊन. ते म्हणाले होते, पोरांना सांभाळ आणि माझे ब्रश कुणाला देऊ नकोस. आमचा निरोप झाला होता. मग हा पोरगा समोर उभा राहून सांगायला लागला, बाबा झोपलेत. मी नाही म्हटलं असतं, तर त्याला तेच पुन्हा, खरं, सांगायला लागलं असतं. स्वतःच्या बापाचं मरण स्वतःच्या हातांनी. ते मला त्याच्याकडून करून घ्यायचं नव्हतं. म्हणून मी मान डोलवली आणि स्वेटर आणायला गेले. तो स्वेटर मी वाटभर छातीशी धरला होता. माझं काही हुकलं नाही. त्यांच्याशी माझं जे बोलायचं होतं ते झालं होतं.”

मी विचारलं, मग इतकी वर्षं त्याला सांगितलं का नाहीस?

“कसं सांगू? त्याने माझ्या हातांकडे पुन्हा पाहिलंच नाही. मला दुसरा आवाज कुठे आहे?”

मी म्हटलं, मला सांगायचंस, मी लिहिलं असतं. तर म्हणाली, “मला वाटलं, पाहील कधीतरी. घाई नव्हती. आता आहे.”

एवढं आईचं.

शेवटाचं आमचं ठरलं. मी म्हटलं, लेखकाचाच सांगेन. ती थोडी रुसली. मग म्हणाली, “बरं. तू लेखकाचा सांग. मी मागे होडी बघेन.” बाईंनी तोच पडदा लावायचं कबूल केलंय. हिशेबनीस म्हणाले, डागाचं काय? बाई म्हणाल्या, नदीला ओल असतेच.

पुस्तिका सोमवारी छापायला जाते. नवऱ्याचे संवाद खुणांनी सांगणारा म्हणून मी तुझं नाव घातलंय. खोडायचं असेल तर तसं कळव. कळवलं नाहीस तर तसंच राहील. नाटक तुला पाठ करायला लागणार नाही. शेवटच्या प्रवेशात नवऱ्याला वाक्यच नाही, नुसतं जायचंय. बाईंनी विचारलं, तेव्हा त्या माणसाने हातांचं काय करायचं? मी म्हटलं, ते त्याला आल्यावर विचारू.

आई आणि मी आता नवीन शिकतोय. ती डोळे मिटते आणि तिचे तळवे माझ्या हातांवर ठेवते. मी बोलते आणि तिला बोटांतून कळतं. नजर गेली तरी असं बोलता येतं. काल मी तिच्या तळव्याखाली तुझं नाव केलं. तिला ते लागलं नाही, कारण बोट माझ्या हनुवटीवर गेलं आणि तिचा हात तिथवर पोचेना. मग तिने माझा हात धरून स्वतःच्या हनुवटीला लावला आणि विचारलं, “हा?”

तिला अजून दिसतं, दादा. दहाव्या रांगेतून पुरा माणूस दिसतो. पुढे दिसेनासं झालं की बोलायला माणूस तिच्याजवळ, हातभर अंतरावर असावा लागेल. तेव्हाही ये. पण आधी एकदा तिला दिसशील असा ये.

येताना मीठ आणलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
दोन वेण्या