प्रेस थांबवणारं यंत्र

प्रिय दादा,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. माझी तब्येत चांगली आहे, जेवते वेळेवर. तुटलेल्या बोटांच्या जागी अजून ठणकतं का रे?

तुझ्या अपघातानंतर मी इथे विद्यापीठात जे यंत्र बनवलं, पत्र्याच्या प्रेसमध्ये हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबवणारं, त्याला पेटंट मिळालं. पण पेटंट विद्यापीठाच्या मालकीचं. त्यांनी ते प्रेस बनवणाऱ्या कंपनीला विकलं. हे बाजारात आलं तर त्यांच्या गोदामातल्या, हे यंत्र नसलेल्या जुन्या प्रेस कोण घेणार, म्हणून कंपनीने ते कुलपात ठेवलंय.

मी माझ्या मार्गदर्शक सरांना विचारलं, "निदान भावाच्या प्रेसला एक बसवू?"

"आता तेवढाही हक्क आपल्याला नाही," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले.

काल कंपनीची माणसं मी बनवलेला यंत्राचा नमुनाही घेऊन गेली. मीच सही करून दिला. रडू मात्र खोलीवर येईपर्यंत आवरलं.

पहिलं यंत्र तुझ्याच प्रेसला बसवीन असा तुला शब्द दिला होता, तो पाळता आला नाही. म्हणून पाया पडते, प्रेसवरून ऊठ आणि पॅकिंगमध्ये जागा मागून घे. त्यात कसला कमीपणा?

आईला यातलं काही बोलू नकोस. पेटंटवर माझं नाव छापून आलंय, एवढंच सांग. ते काही खोटं नाही.

तुझीच,
धाकटी