ढवळ्याचा पालक सदस्य

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून मी रोबोटिक्स संघाचा पालक सदस्य आहे. माझ्या इच्छेने नव्हे!

आमची मुलगी पौर्णिमा नववीत. शाळेच्या संघात तिने मला न विचारता नाव दिले. संघासोबत विद्यार्थ्याच्या घरचे एक मोठे माणूस हवे, असा स्पर्धेचा नियम निघाला आणि पालकसभेत माझ्या पत्नीने, रंजीताने, माझ्या वतीने हात वर केला. घरी आल्यावर कारण विचारले. उत्तर— "पतसंस्थेत लोकायच्या चुका काढता, आता तिथं काढा. माह्या भाजीच्या तरी सुटतील."

मी वाणिज्य पदवीधर, पतसंस्थेत अंतर्गत तपासणीस. दहावीनंतर पौर्णिमेने वाणिज्य शाखा घ्यावी, हे घरात ठरलेले आहे. म्हणजे, मी ठरवलेले आहे. ती विज्ञान म्हणते. अखेर ताटावर करार झाला : अकोल्याच्या स्पर्धेत यंत्राने नियमात राहून मार्ग पूर्ण केला, तर शाखा ती निवडील. अन्यथा वाणिज्य, आणि पुन्हा चर्चा नाही. साक्षीदार रंजीता.

यंत्र आज पाहिले. सुरू होताच भिंतीवर जाऊन आदळले. मी निश्चिंत आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

संघ म्हणजे दोन मुली. चाचणी परीक्षेच्या धाकाने बाकीचे गळाले. पौर्णिमा प्रोग्राम लिहिते. रूपा आठवीतली, चाके, तारा, पेचकस तिच्याकडे. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले आहेत. ती तांड्यावर आजीजवळ, ललिताबाईंजवळ राहते.

यंत्र पांढऱ्या पत्र्याचे. पुढे जाळीचे दोन गोल डोळे. समोर काही आडवे आले की डोळ्यांना कळते आणि ते थांबते. कापसाचे लहानसे गाठोडे घेऊन, अडथळे चुकवत, पलीकडच्या चौकटीत ठेवायचे— एवढेच काम. रूपाने त्याचे नाव ढवळ्या ठेवले आहे. मी 'यंत्र' असेच लिहीन.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मदत करायची नाही, असा निश्चय होता. पण डावे चाक तिरपे बसवलेले! तिरपे चाक डोळ्यांसमोर असताना माझ्याने स्वस्थ बसवत नाही. शेजारच्या गवंड्याकडून समतल पाहायची पाणपातळी मागून आणली आणि चाक बसवून दिले.

यंत्र भिंतीला न लागता गेले. माझ्याच करारावर मी घाव घातला. रंजीता दाराशी उभी राहून हसत होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उजवेही तिरपे होते.

५ डिसेंबर, शुक्रवार

यंत्र वळणावर अडले. मुली वाटेल ती तार उपटू लागल्या. मी थांबवले. सांगितले, चूक शोधण्याची रीत असते. शेवटचे कधी बरोबर चालले ते आधी ठरवा. तेव्हापासून आतापर्यंत काय बदलले तेवढेच पाहा. बाकीच्याला हात लावू नका. रूपाने जांभई दिली. पौर्णिमा मात्र माझ्याकडे बघत राहिली. नंतर तिनेच शोधले— काल रूपाने बॅटरी उलट्या अंगाला सरकवली होती, वजन एकीकडे झाले होते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

उद्या अकोला. नियमपुस्तिका मला पाठ आहे. फेरी सुरू झाली की पालकाने दोरीबाहेर उभे राहावे. हात लावू नये, काही सांगू नये. चोख नियम. असेच असावेत.

मी बजावून ठेवले आहे : उद्या ढवळ्याला कोणीही हात लावायचा नाही.

(यंत्राला.)

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी शेलूबाजारच्या थांब्यावर मी टॉवेलात गुंडाळलेले यंत्र घेऊन उभा. ललिताबाई हळदीकुंकवाचे ताट घेऊन आल्या. "बैल पयल्यांदा गावाबाहीर चालला, अन् तसाच धाडता का जी?"

आम्ही बौद्ध. आमच्या घरी ही पद्धत नाही. नेमके म्हणूनच नाही म्हणणे कठीण झाले. मी हात आखडला असता, तर म्हातारीला तो तिचा अपमान वाटला असता. ताट दुसऱ्या कोणाचे असते, तर मी सरळ हात न लावण्याचा नियम सांगितला असता. मी टॉवेल बाजूला केला. पोळ्याला बैलाला लावतात तसे त्यांनी दोन डोळ्यांच्या मधोमध ओले कुंकू लावले, वर तांदूळ चिकटवले. मग माझ्याही कपाळाला. मी पुन्हा टॉवेल गुंडाळला आणि बसमध्ये ते मांडीवरून खाली ठेवले नाही.

फेरी सुरू झाली. ढवळ्या हलेना.

पौर्णिमा तारा तपासते. रूपा चाके फिरवते. घड्याळ चालू. मी दोरीबाहेरून पाहिले— डाव्या डोळ्याच्या जाळीत कुंकवाने माखलेला तांदूळ अडकला होता. बसच्या धक्क्यांनी घसरला असणार. ढवळ्याला समोर अडथळा दिसत होता आणि शहाण्या बैलासारखा तो थांबला होता.

सांगायचे नाही, असा नियम. शिवाय न सांगणे माझ्याच फायद्याचे. गप्प उभे राहिलो असतो, तर वाणिज्य शाखा घरात चालत आली असती.

मी डावा डोळा चोळला. डोळा चोळण्याविषयी पुस्तिकेत काही नाही.

कोणी पाहिले नाही. आणखी जोरात चोळला. पंच जवळ आले. "काय गेलं काका डोळ्यात?"

खोटे बोलण्याची मला सवय नाही. मी म्हणालो, "तांदूळ."

पौर्णिमेने मान वळवली. आधी माझ्या कपाळाकडे पाहिले, मग ढवळ्याकडे. हातातली तार सोडली आणि नखाने दाणा काढला.

ढवळ्या गेला! सगळी वळणे, सगळे अडथळे. गाठोडे चौकटीत. रूपा एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या संघाचे यंत्र दचकल्यासारखे वाटले. क्रमांक आला नाही. मार्ग पूर्ण झाला.

२१ डिसेंबर, रविवार

करार हरलो. पेढे आणले. रंजीता म्हणाली, "हारले अन् पेढे वाटून राह्यले!" विज्ञान शाखेसाठी कोणती महाविद्यालये बरी, याची चौकशी सुरू केली आहे. ढवळ्याला पुढच्या वर्षी चाके मोठी हवीत.

२३ डिसेंबर, मंगळवार

जेवताना पौर्णिमा म्हणाली, "बाबा, करार तुमीच जिंकले."

मी विचारले, कसे?

"तुमी तांदूळ म्हणले. ते सांगणंच झालं. मी फेरी झाल्यावर पंचाले सांगतलं. ते हासले, म्हणे क्रमांकच नाई तं जाऊ दे. पण आपल्या करारात काय होतं? नियमात राहून."

मी म्हणालो, मी पंचाच्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. ती म्हणाली, डोळा काहून चोळला मग? विज्ञानाची बाजू मी पाणी पिऊन पिऊन मांडली— मी!

"मले वाणिज्यच पायजे," ती म्हणाली. "ढवळ्या चालला तवा बरं वाटलं. पण काहून थांबला हे सापडलं ना, तवा खरी मजा आली. तुमचं तं कामच ते हाये. पुढच्या वर्षी माही दहावी हाये. मी संघात नाई."

रंजीताने साक्ष दिली : करार पौर्णिमेच्या बाजूने. म्हणजे माझ्या.

जेवण गेले नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

रूपा घरी आली. म्हणाली, पुढच्या वर्षीही तुमीच या, काका. मी नियम सांगितला— विद्यार्थ्याच्या घरचेच माणूस हवे. ती जाऊन आजीला विचारून आली. ललिताबाईंचा निरोप : "ज्याच्या कपाळाले म्या कुंकू लावलं, तो मानूस कोनाच्या घरचा मंग?"

पुस्तिका पुन्हा वाचली. हरकत घेण्याजोगे काही आढळले नाही. उद्या मोठी चाके पाहायला कारंज्याला जातो.