छत्रीभोवतीचं कुंपण

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल सकाळी धारा आटोपल्या, दूध डेअरीवर गेलं, आणि देवाचं नाव घेऊन मी छत्रीभोवती तार ओढायला घेतली. काहीतरी खायला आणलं असेल अशा आशेनं गायी माझ्यामागून आल्या. शेवटचा खांब ठोकून मान वर केली, तर त्या सगळ्या बाहेर आणि मी एकटा आत. बराच वेळ आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

तुला कळवायलाच हवं, कारण ते झाड तुझं, आणि छत्री हे त्याचं नावही तूच ठेवलेलं. झाडाखाली गवत वाढत नाही म्हणून बाबांनी कुरणातली सगळी झाडं तोडली, तेव्हा तू या एकावर चढून बसलीस आणि दिवसभर उपाशी राहिलीस. शेवटी बाबाच म्हणाले, राहू दे एक, पण आधी पोरीला खाली उतरवा.

आता अख्खा कळप त्या एका सावलीत उभा असतो. तुडवून तुडवून माती फरशीसारखी झाली आहे, मुळं उघडी पडली आहेत, शेंडे वाळले आहेत. रोपवाटिकेवाले म्हणाले, दोन उन्हाळे गुरं लांब ठेवलीत तर वाचेल, नाहीतर आशा सोडा. कुरणात तुतीची रोपं ओळीनं लावली आहेत, पण ती गुडघ्याएवढी. त्यांच्या सावलीत अजून कोंबडीसुद्धा बसत नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहावा.

तुझा,
धाकटा

११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू आत आणि गायी बाहेर, हे मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, चला, मेव्हण्याला अखेर कुणीतरी बांधून ठेवलं.

पण तार ओढलीस ते उत्तम केलंस. आणि हो, मी उपाशी राहिले हे साफ खोटं. आईनं फडक्यात जेवण बांधून काठीच्या टोकानं वर पोचवलं होतं. बाबांना हे शेवटपर्यंत कळलं नाही. तूही आता पन्नाशीला आलास, म्हणून सांगते.

गायींसाठी जाड कापडाचं छप्पर उभार. चार बांबू आणि दोन दिवसांचं काम. उन्हाळा सरला की मी येणार आहे. गुडघ्यांनी वीट आणलाय, पण त्या झाडाखाली एकदा निवांत बसायचं आहे. तेवढं माझ्यासाठी सांभाळ.

भावजयीला आशीर्वाद. तब्येतीला जप आणि आठवण ठेव.

तुझी,
ताई

२३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छप्पर उभारलं. तीन दिवस टिकलं. वाऱ्यानं अर्धं फाडलं, उरलेल्याची कड गायींनी चघळली. होतं तेव्हाही त्याखाली कुणी गेलं नाही. खालची हवा तव्यासारखी तापायची.

सावली कुठे जाते ते गायींना आपल्याहून चांगलं कळतं. सकाळी ती कुंपणाबाहेर पश्चिमेला पडते, तेव्हा त्या तिकडे. संध्याकाळी पूर्वेला, तेव्हा त्या इकडे. भर दुपारी मात्र सगळी सावली तारेच्या आत असते. मग त्या तारेला कपाळ टेकून उभ्या राहतात. हंबरत नाहीत. हंबरल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परवा दुपारी लंगडी तिथेच कोसळली. आईच्या हातची ही शेवटची कालवड, आता तीच कळपातली म्हातारी. गुरांचे डॉक्टर आले, तिच्या अंगावर पाणी ओतून ओतून तिला उभी केली आणि मला म्हणाले, माझ्या पेटीत हिचं औषध नाही, ते तुमच्या कुंपणाच्या आत आहे. त्याच गडबडीत बाकीच्या तुतीत घुसल्या आणि एक ओळ मोडून आल्या. दोन्हीकडे पुरेल एवढी तार नाही. असती तरी सावलीला कुलूप लावून जनावरं उन्हात कशी ठेवू?

रोज सकाळी हात जोडून उभा राहतो, उत्तर येत नाही. तुझी भावजय म्हणाली, देवाला विचारून झालं असेल तर आता जरा गायींना विचारा.

काय करू ते कळव. माया कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

२९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तार काढू नकोस. एवढा उन्हाळा कसाबसा ढकल. लंगडीचं वाचून जीव तुटला, पण तिचं वय झालंय, आणि गाय दुसरी येते. तसं झाड तुझ्यामाझ्या हयातीत परत उभं राहणार नाही.

हा हट्ट आहे, मला कळतंय. पूर्वी झाडावर चढून केला, आता गुडघे नाहीत म्हणून पत्रातून करते. माझं एवढं ऐक. बाकी तुझ्यावर सोडते, असं मात्र म्हणवत नाही.

तुझी,
ताई

४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल सकाळी गोठ्याच्या दारातच वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. दुपारी लंगडी पुन्हा तारेशी बसली आणि उठवूनही उठेना.

मी अडाणी असेन, पण दोन्ही बाजूंनी विचार केला. तार ठेवली तर झाड जगेल, पण गायी ढासळतील आणि तुती मोडेल. काढली तर झाड जाईल. तुती सावली धरायला पाच-सहा वर्षं घेईल. तोवर हे तग धरेल का, कुणी सांगू शकत नाही.

तार मी काढली, ताई. तुझं पत्र खिशात असताना काढली. तीच तार तुतीभोवती ओढली.

खांब उपटले तरी गायी आत जाईनात. तार होती त्या रेषेवरच उभ्या राहिल्या, त्यांचा विश्वासच बसेना. मग लंगडी कशीबशी उठली, एक पाय आत ठेवून थांबली, आणि पुढे जाऊन बुंध्याला अंग टेकून बसली. मग सगळ्या गेल्या. मी बाहेरच उभा होतो. उघड्या मुळांवर खूर पडताना ऐकू येत होतं.

उन्हाळा सरायची वाट पाहू नकोस. सावली आहे तोवर ये. बसायला जागा मी गायींकडून मागून घेईन.

रागावलीस तर रागाचं का होईना, पण पत्र पाठव.

तुझा,
धाकटा