मीठ-मोहरीचा दाखला

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, दिग्रस,
जि. यवतमाळ.

विषय : माझ्या सासूबाई जादूटोणा करीत नाहीत, फक्त दृष्ट काढतात, असा दाखला तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : १) परदेशी नोंदणी कार्यालयाचा ईमेल.
२) त्यास मी दिलेले उत्तर, जे द्यायला नको होते.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, दोन्ही लेकरे झोपली, घर चूप झाले, म्हणून मी लिहायला बसले, तोच आत तव्यावर मोहरी तडतडली. सासूबाई सौ. रत्नप्रभा पांढरीपांडे ह्या माझ्या लॅपटॉपची दृष्ट काढत होत्या. ज्या कृत्यावरून हे प्रकरण उद्भवले, तेच कृत्य ते मिटावे म्हणून घरात चालू आहे, ही बाब मी आपणापासून लपवत नाही.

१. मी बाळंतविडा विकते. बोरी अरब गावच्या बेबीताई झबली, टोपडी, दुपटी शिवतात, मी ती काजळाच्या डबीसह पेटीत भरून गावोगावी पाठवते. त्यासाठी वेबसाइट काढली. साइटच्या पत्त्याला शेवटी टिंबानंतर एक शेपूट लागते आणि पुष्कळदा ते कुठल्यातरी देशाच्या नावाचे असते. मला एका दूरच्या देशाचे आवडले. स्वस्त होते आणि दिसायला गोड. यजमान श्री. अनिकेत म्हणाले होते, "अगं, देश कोणता आहे तो, पाह्यलं का?" मी म्हटले, "आपल्याले काय तिथं राहायला जायचं आहे?" हे वाक्य सध्या मला जेवताना रोज वाढले जाते.

२. लेक सासरी गेली की तिला सासरचे कुळाचार लागतात, तसे पत्ता ज्या देशाचा त्याचे कायदे साइटला लागतात, हे मला ठाऊक नव्हते. त्या देशाचा कायदा त्यांच्या धर्मावर चालतो आणि त्यात ताईत, तोडगे, जादूटोणा निषिद्ध आहे. त्यांचे घर, त्यांची रीत. मी नावे ठेवत नाही. अटी दिलेल्या होत्या, पण त्या इंग्रजीत आणि लांबलचक होत्या, आणि मी धाकट्याला पाजता पाजता 'मान्य' वर बोट ठेवून मोकळी झाले.

३. साइटवर मी एक व्हिडिओ टाकला. त्यात सासूबाई धाकट्या नयनवरून मीठ-मोहरी ओवाळत आहेत : "आल्यागेल्याची, शेजारणीपाजारणीची, आईची न बापाची, कोनाची असन त्याची उतरो." मग मोहरी तव्यावर पडली, तडतडली, आणि नयन जन्मात पहिल्यांदा खदखदून हसला. इतका, की त्याला उचकी लागली. त्या आनंदाच्या भरात मी खाली लिहिले, 'नजर शंभर टक्के उतरते.'

४. हे वाक्य तिकडच्या अधिकाऱ्यांनी वाचले. हा जादूटोणा आहे, खुलासा करा, असा ईमेल आला. मी घाबरले. सासूबाई मात्र हळहळल्या : "बिचारा! दिवसभर लोकायच्या चुका पाहत बसते. त्यालेच लागली असन कोनाची." नंतर त्यांनी मला त्या कार्यालयाच्या पानावरून साहेबांचा फोटो काढायला लावला, तो पाटावर ठेवला आणि साहेबांची यथासांग दृष्ट काढली. धूर एवढा झाला की खिडक्या उघडाव्या लागल्या. "पाह्य, किती लागली होती," असे त्या म्हणाल्या. यात लपवण्यासारखे काही नाही, उलट सद्भावनाच आहे, असे वाटून मी तो व्हिडिओ खुलासा म्हणून पाठवला. दुसऱ्या दिवशी साइट बंद झाली.

५. धंद्याचे निभले. बेबीताईंची दुपटी आता आपल्याच देशाच्या पत्त्यावर आहेत. परंतु नयनचे ते हसणे तिकडेच अडकले आहे. साइटचे नाव आणि व्हिडिओ साठवायची जागा मी तिकडच्या एकाच ठिकाणाहून घेतली होती, म्हणून दोन्हींना एकदम कुलूप लागले. मूळ व्हिडिओ ज्या फोनमध्ये होता, त्या फोनला माझी मोठी मुलगी आभा हिने बाहुलीसोबत आंघोळ घातली. नयन आता रोज हसतो, कावळा पाहूनही हसतो. पण पहिले ते पहिले. महिनाअखेरपर्यंत स्थानिक अधिकाऱ्याचा दाखला न मिळाल्यास सर्व पुसण्यात येईल, असे त्या कार्यालयाने कळवले आहे.

६. सेतू केंद्रात चौकशी केली. तेथील रामलालभाऊ सज्जन आहेत. त्यांनी संगणकात बराच शोध घेतला आणि म्हणाले, "मॅडम, असा दाखला यादीतच नाही. डोमिसाईल काढून देऊ काय? कामी येते." मी घरी येईपर्यंत हसत होते आणि घरी आल्यावर रडले. जादूटोणा केला तर कारवाई होते. केला नाही याचा कागद मात्र कोणीच देत नाही.

तरी विनंती की, 'सदर आजी नातवावरून मीठ-मोहरी ओवाळते, त्यायोगे कोणास बाधा झालेली नाही, नातू हसतो,' एवढेच आपल्या सही-शिक्क्याने लिहून द्यावे. खात्री करावयाची असल्यास सासूबाई कार्यालयात येऊन आपली दृष्ट काढण्यास तयार आहेत. मीठ, मोहरी, तवा आम्ही आणू. शेगडीची सोय आपल्या स्तरावर व्हावी. आपल्याला काहीही झाले नाही, तर तसे नमूद करावे. बरे वाटले, तर ते कृपया नमूद करू नये, प्रकरण वाढेल.

तसेच सेतू केंद्राबाहेर एक फलक लावावा, की बायांनो, साइटचे शेपूट निवडताना ते कोणत्या देशाचे आहे आणि तिथे काय चालत नाही, हे आधी विचारा. माझ्यासारखे दुसऱ्या कोणाच्या लेकराचे हसू परक्या कुलपात जायला नको.

पाळणा हलायला लागला आहे, म्हणून इथेच थांबते.

आपली विश्वासू आणि घाईत असलेली,
सौ. मधुवंती अनिकेत पांढरीपांडे
दिग्रस, दि. ११ जुलै २०२५

सोबत : १) ईमेलची प्रत. २) सासूबाईंचे आधार कार्ड. ३) मोहरीची पुडी, नमुन्यादाखल.

ता. क. : सही करत असताना आभा उठून आली आणि काय लिहितेस म्हणून मागे लागली. त्या देशात दृष्ट काढायला मनाई आहे, म्हणून साहेबांना पत्र लिहिते, असे मी तिला सांगितले. ती जमिनीवर सांडलेले मोहरीचे दाणे बोटाने वेचू लागली. मग म्हणाली, "मंग आई, तिथल्या लेकरायची नजर कोन काढते?"