जयाचं घे

१२ जुलै १९९९, कुरखेडा
आज पोचली. नात जया कालेजात झाडाइचा अभ्यास करते. पावसाळाभर इथं राहून रानातली फुलं तपासणार आहे. एकटी रांधून खाईल तर भाताची लेई होईल, म्हणून मी, गोकुळा ढिवरीण, मूल गावची माही मासोळ्याइची बोडी सोडून सोबत आली. मायबाप गेल्यावर मासोळ्या विकून मीच वाढवली तिले, आता कालेजात गेली म्हणून काही सुटत नाई. घरमालक मन्सूरभाऊ मोहा-हिरड्याचा व्यापारी, माणूस भला. आम्ही येण्याआधी चूल सारवून ठेवली होती त्यानं. मागच्या परसात रान थेट घुसलं आहे. जया म्हणे, आजी, रोज दोन ओळी लिहीत जा, चौथीतली अक्षरं गंजली तुही. म्हटलं, तुही जीभ गंजली नाई ना, मंग बस झालं.

१५ जुलै
परसातच नवं फूल भेटलं, रानहळदीवाणी. जया नाचून राह्यली. ही जात अजून कोणीच लिहिली नाई म्हणे. म्हटलं, आपल्याकडं लोक पाणी पाजायच्या आधी माणसाची जात विचारतात, तू फुलाले तरी सोड बाई. लय हसली. मंग समजावलं, नवी म्हणायची तर भाऊबंदाहून वेगळी दाखवावी लागते. साध्या रानहळदीचं पान खालून गुळगुळीत, हिचं वासराच्या जिभेवाणी खरखरीत. तिचं फूल पानाइच्या मधून निघते, हिचं बाजूला, सरळ मातीतून. गड्डा कापला तर ती पिवळी, ही पांढरीफटक. वरून पाहशील तर फसशील म्हणे.

१६ जुलै
जयानं गड्ड्यासकट झाड उपटून कागदाइत दाबलं. आमच्याकडं मुळी काढली का खड्ड्यात मूठभर तांदूळ टाकतात, अन् ज्यानं काढली त्याचं नाव घेऊन म्हणतात, अमक्याचं घे. खड्डा उपाशी ठेवू नाई. पण तांदळाचा डबा फळीवर, अन् माहे गुडघे बोंबलून राह्यले. जयाचे केस विंचरून निघालेला गुंता हातात होता, तोच टाकला. म्हटलं, हळदबाई, जयानं नेलं, जयाचं घे. वरून माती लोटली.

२० जुलै
काल जया परसात गेली ते लय वेळानं आली. पाय मातीनं भरलेले. तवापासून गुमसुम. आज भात करपला माह्याकडून. म्हणे, आजी, छान झाला. जया असं म्हणते कधी? ताट फेकायची ती. दिवसभर उन्हाकडं तोंड करून बसते. घागरभर पाणी पिते.

२३ जुलै
वांगी चिरताना विळीवर बोट कापलं तिचं. रगत नाई. आतून पांढरंफटक, अन् कच्च्या हळदीचा वास. तिनं बोटाकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं, अन् ओढणीत लपवलं. लाजल्यावाणी.
जयानं दाबलेले कागद उघडले. रिकामे. नुसता ओला डाग.

२४ जुलै
जयाची पाठ गुळगुळीत. हिची खरखरीत. जया झोपेत दात खाते, ही झोपतच नाई. कपाळावरचा कांजण्याचा वण — आहे. हसू — तेच. सारं तेच, अन् माही नात नाई.
मन्सूरभाऊले सांगितलं. म्हणे, अम्मा, बच्ची तो अच्छीभली है, तुम्हालेच आरामाची गरज आहे. कोणाले दाखवू? बोटाची चीर बुजली तिची.

२५ जुलै
दुपारी परसात आवाज. जमिनीतून. जया — शिव्या देऊन राह्यली मलेच. बुढे, काढ ना मले. काढते माय, काढते. हातानं उकरलं. माती दगडावाणी. नखं गेली. जितकं उकरलं तितका आवाज खाली —
समजलं मले. खड्ड्यातून जे नेलं ते परत दिल्याशिवाय जया सुटत नाई —

२६ जुलै
हिले म्हटलं, चल. काहून, विचारलं नाई. कुदळ हिनंच घेतली. हिच्या हाताले माती मऊ झाली. आत उतरून बसली. वर पाहून म्हणे, आजी, माहं काही चुकलं का.
मी खड्ड्याच्या कडेले बसली.
कोणाले तरी समजावं म्हणून वही इथीच आणली. माती लोटली का झालं. जया वर येईल. हिनं माह्या लुगड्याचा काठ धरला आहे, भेव लागते म्हणे. माही कोण ही? कोणीच नाई. सांगून राह्यली हाताले, लोट —

खालचा आवाज बारीक झाला. काल शिव्या होत्या. आज नुसतं आजी, आजी —

जया, थांब. लोटते. ही सोडत नाई म्हणून —

नाई. हिनं सोडला काठ. कवाचाच. मीच हिचा हात धरून — सुटत नाई माह्याच्यानं, जया, सुटत —